पाटाएवढा रेडिएटर

यंदाच्या थंडीत अमेरिकेतल्या आमच्या बेलव्ह्यूच्या मराठी मंडळींत एक बातमी पसरली: शैलजामावशी सासऱ्यांच्या अंगातलं भूत उतरवते.

बातमी लताकाकूंची. लताकाकू बातमी सांगताना आधी पर्स काखेत घट्ट दाबतात, जणू बातमी पर्समध्येच आहे आणि कुणीतरी हिसकावून नेईल. "अगं राधिका, आय स्वेअर! मी सईला डान्स क्लासला ड्रॉप करून येत होते. त्यांच्या गॅरेजच्या खिडकीत लाइट. आणि आत ही! हातात उदबत्ती, भिंतीला नाक, प्रत्येक कोपऱ्यात थांबते, काहीतरी पुटपुटते. आणि म्हातारा पलंगावर. कानटोपी घालून. हात जोडून! मी म्हटलं, झालं. आधी बिचाऱ्याला गॅरेजमध्ये टाकलं, आता मंत्र घालतेय."

राधिका म्हणजे माझी आई. ती नुसती "हो का, बाई" म्हणाली. म्हणजे तिनं ते आणखी तिघींना सांगितलं.

तर आता खरं काय ते. उदबत्ती खरी. भिंतीला नाक लावणं खरं, पुटपुटणंही खरं. बाकी सगळं चूक. आजोबांनी हात जोडले नव्हते, ते तळवे एकमेकांवर चोळत होते, कारण त्यांना थंडी वाजत होती. मावशी मंत्र म्हणत नव्हती. ती "कुठून शिरतेय मेली" असं म्हणत होती, आणि ती मेली म्हणजे हवा. हवा स्थिर असली तर उदबत्तीचा धूर सरळ वर जातो. कुठं फट असली तर तिथं तो वाकतो. मावशी फट शोधत होती. मी तिथंच खुर्चीत बसून चहा पीत होते. आमची घरं शेजारी आहेत आणि आमच्या घरी चहा कुणाला करता येत नाही.

आणि ती खोली गॅरेज राहिलेली नव्हती. पण ते नीट सांगायचं तर मावशीपासून सुरुवात करायला हवी.

शैलजामावशी पुण्याची, मेकॅनिकल इंजिनियर. तिचं वाक्य "हे बघ" पासून सुरू होतं आणि "कळलं?" वर संपतं, आणि मधे तुम्ही बोलायचं नसतं. लग्नाआधी ती द्राक्षांसाठी शीतगृहं डिझाइन करायची. बाहेरचं ऊन भिंतीतून किती आत शिरेल याचा हिशोब करायचा आणि तेवढं गार करणारं यंत्र बसवायचं, असं ते काम. मग नागपूरच्या केदारकाकांशी लग्न, मग अमेरिका, मग तो व्हिसा ज्यावर बायकोला नोकरी करता येत नाही. ती कित्येक वर्षं घरी बसली. आता ती एका लहानशा कंपनीत लोकांच्या घरांना किती ऊब लागेल ते काढून देते. "आधी द्राक्षांना गार ठेवायचे, आता माणसांना गरम ठेवते. वजाबाकी उलटी, बाकी सगळं तेच. द्राक्षं तक्रार करायची नाहीत, एवढाच फरक. कळलं?"

घरी बसायच्या त्या वर्षांत तिला एकच माणूस नेमानं इंजिनियर म्हणून हाक मारायचा. तिचे सासरे, त्र्यंबक आजोबा. आजोबांची सगळी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात, बॉयलरवर गेली. दर रविवारी नागपूरहून फोन. "इंजिनियर सायेब हाय का घरी? आमच्या कूलरचा पंप पाणी वर फेकून नाही रायला. काय करू?" मग मावशी ओट्यापाशी उभी राहून कागदावर पाइपचं चित्र काढायची, उतार काढायची, आजोबांना समजावून सांगायची. पुढे केव्हातरी तिच्या लक्षात आलं की आजोबांना सगळी उत्तरं आधीच येत होती. हे सांगताना मात्र ती "कळलं?" म्हणत नाही.

आजी गेल्या तसे आजोबा नागपुरात एकटे पडले. एकदा न्हाणीघरात पाय घसरला आणि दूधवाला येईपर्यंत तसेच पडून होते. मागच्या हिवाळ्यात ते इथं आले, वरच्या मजल्यावर राहिले. तिथं छतातून गरम हवेचा झोत येतो. झोत चालू की भाजायचं, बंद की कुडकुडायचं. घसा कोरडा, खोकला सुरू, आणि संक्रांतीच्या आत आजोबा परत नागपूरला. यंदा मावशीनं खूप मनधरणी केली तेव्हा ते म्हणाले, "ठीक हाय. अजून एक हिवाळा पाहतो. जमलं तं राहीन, नाही जमलं तं मले पुन्हा बोलवू नको."

म्हणजे सगळं त्या एका खोलीवर येऊन ठेपलं. खालीच, जिना नसलेली, झोत नसलेली, सारखी ऊब असलेली खोली. मावशीनं गॅरेज साफ करवलं. भिंतींत आणि छतात जाड थर भरले, काँक्रीटच्या जमिनीवर इन्सुलेशनच्या लाद्या टाकून वर लाकूड बसवलं, तीन काचांची खिडकी लावली. राहिला रेडिएटर. भिंतीवरचा, गरम पाण्याचा, आवाज नाही, झोत नाही.

केवढा घ्यायचा, यावरून महाभारत.

काम करायला डग्लस नावाचा माणूस आला होता. डग्लस बोलण्याआधी पँट वर ओढतो आणि बोलून झाल्यावर पुन्हा ओढतो. त्यानं खोलीची लांबी-रुंदी मोजली, मनातल्या कुठल्यातरी आकड्यानं गुणलं आणि वर थोडं वाढवलं. "ट्रस्ट मी," पँट वर, "आजवर मला कुणी फोन करून सांगितलेलं नाही की आम्हाला फार उबदार वाटतंय." केदारकाकांनी त्यात आणखी वाढवलं. "बाबा नागपूरचे आहेत यार शैलजा, त्यांना पंचेचाळीस डिग्रीची सवय. थोडा मार्जिन ठेव ना." मग व्हिडिओ कॉलवर आजोबांनीही आपलं वाढवलं. पंगतीत नको नको म्हणताना प्रत्येक वाढणारा एकेक जिलबी टाकून जातो, तसं चाललं होतं. शेवटी जो रेडिएटर ठरला तो अख्खी भिंत व्यापणार होता. त्याच्यापुढे पलंग मावला नसता.

"हे बघा," मावशी म्हणाली, "डग्लसचा ठोकताळा गळक्या घरांचा आहे. बादली गळकी असेल तर नळ सोडून ठेवावा लागतो. माझी बादली धड आहे. हिला धार नको, थेंब थेंब पुरेल. मोठा रेडिएटर लावलात तर खोली क्षणात तापेल, तो बंद पडेल, खोली निवेल, तो परत चालू होईल. गरम, गार, गरम, गार. म्हणजे मागच्या वर्षीचा खोकला परत. कळलं?"

मग तिनं हिशोब केला, आणि तोही भिंतींवरच. रंग लागायचा होता. तिनं पेन्सिल घेतली आणि प्रत्येक भिंतीवर त्या भिंतीचा आकडा लिहिला: बाहेर वर्षातली सगळ्यात कडक थंडी असताना हिच्यातून किती ऊब बाहेर जाईल. खिडकीचा आकडा खिडकीखाली. छताचा आकडा शिडीवर चढून छतावर. जमिनीचा वाकून जमिनीवर. आत-बाहेर करणाऱ्या हवेचा आकडा कुठं लिहायचा कळेना, तर तो दारावर लिहिला. सगळ्यांची बेरीज केली. जेवढी ऊब जाते तेवढीच रेडिएटरनं द्यायची, एवढंच गणित. डग्लसच्या आकड्याच्या पावपटही झालं नाही.

केदारकाका लगेच दुसऱ्या टोकाला. कॅटलॉग उघडून म्हणाले, "अरे मग हा बघ ना, सगळ्यात छोटा! लेबलवर एक्झॅक्ट तुझा आकडा आहे. डन. ऑर्डर करतो."

"थांब. लेबलवरचा आकडा जवळपास उकळतं पाणी आत सोडलं तर मिळणाऱ्या उबेचा आहे. आपला हीट पंप पाणी किती गरम करतो? आंघोळीच्या पाण्याइतकं. कोमट पाणी तेवढ्याच पत्र्यातून कमी ऊब देणार. म्हणून लेबलवर याच्या तिप्पट लिहिलेला घ्यायचा, तेव्हा तो आपल्याकडे एकपट देईल."

अशा रीतीनं डग्लसहून खूप लहान आणि केदारकाकांहून बराच मोठा असा एक रेडिएटर आला. पांढरा, चपटा, खिडकीखाली मापात बसला. आकड्यांवर रंग लागला.

नोव्हेंबरात आजोबा आले. खोलीभर फिरले, पलंग दाबून पाहिला, मग रेडिएटरसमोर उभे राहिले. कमरेवर हात, मान तिरकी.

"सूनबाई, हे काय होय?"

"रेडिएटर, बाबा."

"हे? हा तं जेवायचा पाट होय. दहा मजली बॉयलर सांभाळला वो म्या. दहा मजली! अन् तू मले पाट देऊन रायली?"

"दोन पाटांएवढा आहे, बाबा. नीट बघा."

"हाव, दोन. एक मले, एक पाहुण्याले."

थंडी बेताची होती तोवर ठीक चाललं. डिसेंबरात ती कडक पडली आणि खोली तापेना. रेडिएटर गरम, पाणी गरम, पंप चालू, आणि सकाळी आजोबा स्वेटर घालून, शाल आणि रजई पांघरून, चहाचा कप गालाला लावून बसलेले. डग्लसला फोन केला तर त्यानं फोनवरसुद्धा पँट वर ओढली, मला ऐकू आलं. "आय डोन्ट लाइक टू से आय टोल्ड यू," असं म्हणून त्यानं तेच सांगितलं. केदारकाकांचा कॅटलॉग पुन्हा उघडलेला दिसला.

मग आजोबांना बारीक खोकला सुरू झाला. एका संध्याकाळी जेवताना ते हळूच म्हणाले, "केदार, बेटा, फेब्रुवारीचं तिकीट पाहून ठेव. घाई नाही. पाहून ठेव फक्त." मावशीनं हातातला डाव आमटीत तसाच सोडला आणि देवघरातली उदबत्ती घेऊन खोलीत गेली. लताकाकूंची गाडी बाहेरून गेली ती तेव्हाच.

मी चहाचा कप घेऊन मागोमाग गेले, आणि हात धुऊन आजोबाही आले. मावशी एकेका भिंतीशी नाक लावून पुढे सरकत होती. धूर सरळ. सांध्याशी गेली. सरळ. प्लगच्या भोकांशी, दाराच्या चौकटीशी, जमिनीच्या कडेला. सरळ, सरळ, सरळ. आजोबा पलंगावर बसून हात चोळत बघत होते. "आरती झाली की प्रसाद पण दे वो." खिडकीशी मावशी सगळ्यात जास्त वेळ थांबली. खिडकी बंद होती, आणि धूर तिथंही काठीसारखा उभा.

ती स्टुलावर बसली. कुठं फट सापडली असती तर ती बुजवता आली असती. फट नाही, म्हणजे हिशोबच चुकला, असं तिला वाटत होतं.

"झालं तुमचं? मी पडतो आता," आजोबा म्हणाले. आजोबा जेवण झालं की झोपतात. ते उठले, आमच्या दोघींच्या मधून गेले, खिडकीचं हँडल फिरवलं, बोटभर खिडकी उघडली, परत येऊन रजई ओढून घेतली. "लाइट मालवून जा."

मावशी आणि मी खिडकीकडे बघतच राहिलो. तिच्या हातातला धूर वाकून आडवा झाला होता.

"बाबा, हे काय केलंत?"

"काय केलं? खिडकी खोलली."

"रोज उघडता?"

"मंग? सकाळी उठलो का लावून घेतो. बंद खोलीत शेगडी ठेवून कोणी झोपते का?"

"ही शेगडी नाहीये, बाबा!"

आजोबा उठून बसले. "मले माहीत हाय ना. जाळ नाही, धूर नाही, गरम पाणी हाय. बॉयलरवाल्याले तू शिकवशील?" मग त्यांनी विष्णूची गोष्ट सांगितली. कोराडीला त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचा. नवीन लागलेला पोरगा, थंडीत कोळशाची शेगडी आत घेऊन, दार-खिडकी लावून झोपला. सकाळी दार आजोबांनी तोडलं. कोळशाच्या वायूनं तो झोपेतच गेला होता. "तेव्हापासून कोणत्याही गरम खोलीत झोपायच्या आधी माहा हात खिडकीवर जाते. डोक्याले समजते वो. हाताले नाही समजत."

मला वाटलं आता "हे बघा, बाबा" सुरू होणार. मावशी पार्किंगच्या मशीनशीसुद्धा वाद घालते. पण ती पलंगाच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "रेडिएटर बरोबर आहे. रात्रभर निवलेली खोली दिवसभरात परत तापवायचं काम त्याला दिलेलंच नव्हतं. चूक माझी आहे. मी भिंती धरल्या, काचा धरल्या. आत राहणारा माणूस धरलाच नाही." मग म्हणाली, "आज उघडी राहू दे. मी जाडी रजई आणते."

केदारकाकांचं म्हणणं सोपं होतं: खिडकी उघडी राहणार असेल तर दुसरा पाट लावा. किंवा खिडकीला कुलूप. मावशी दोन्हीला नाही म्हणाली. कुलूप लावलं तर बाबा जागे राहतील आणि दुसरा रेडिएटर लावला तर आपण अंगण गरम करत बसू. त्यांना ताजी हवा आत येतेय एवढं हाताला कळायला हवं. मग तिनं डग्लसकडून भिंतीत एक छोटी पेटी बसवून घेतली. तिच्यातून खोलीतली शिळी हवा बाहेर जाते आणि बाहेरची ताजी आत येते. दोघी एकमेकींत मिसळत नाहीत, पण पातळ पत्र्याच्या अलीकडून-पलीकडून जातात, आणि जाणारी हवा आपली ऊब येणारीला देऊन जाते.

मावशीनं हे आजोबांना समजावायला घेतलं, "हे बघा, बाबा, जाणारी हवा—" आणि आजोबा एकदम टाळी वाजवून उभे राहिले.

"अरे! हा तं एअर प्रीहीटर होय! आमच्या बॉयलरले होता ना! चिमणीत जाणाऱ्या धुराची गरमी घ्यायची अन् आत येणाऱ्या हवेले द्यायची. केदार! ए केदार! इकडे ये, तुले दाखवतो तुह्या बापानं जिंदगीभर काय केलं ते!" केदारकाका मीटिंगमधून कानात इअरफोन अडकवलेले आले आणि त्यांना उभ्या उभ्या संपूर्ण कोराडी समजावण्यात आली. सगळं झाल्यावर आजोबांनी पेटीसमोर तळहात धरला आणि डोळे मिटले. "येऊन रायली. हवा येऊन रायली." हात बराच वेळ तिथंच होता.

लताकाकूंनी बातमी मागे घेतली नाही, फक्त सुधारली. "उतरलं म्हणे. डग्लस म्हणून कुणी आहे, त्याच्याकडून उतरवून घेतलं."

पण मला आजोबांचा हात माहीत होता. मी सगळ्यांच्या नकला करते, त्यासाठी तो नीट पाहून ठेवलाय. कप उचलायच्या आधी तो कपाभोवती फिरतो, खुर्चीवर बसायच्या आधी खुर्ची झटकतो. असा हात एका पेटीनं ऐकत नाही. आठवड्याच्या शेवटी बर्फाचा अंदाज होता. "पैज," मी मावशीला म्हटलं. "बर्फ पडला की बाहेरच्या मानानं खोली एकदम गरम वाटेल आणि आजोबा खिडकी उघडतीलच."

"नाही उघडणार."

"मी जिंकले तर लताकाकूंसमोर तुझी नक्कल करणार. आणि तू तिथं बसून ऐकायची. मधे न बोलता."

मावशीचा चेहरा जरा उतरला. "ठीक. आणि तू हरलीस तर आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ तू काढायचा. सगळा. तुझा भाऊ नाही, तू. उजाडल्यावर बघायचं. कळलं?"

बर्फ पडला, चांगला पडला. शाळा बंद. मी बूट घालून आधी बाहेरूनच त्यांच्या खिडकीकडे गेले. ती खिडकी बाहेर उघडते, म्हणजे जरा जरी उघडली असती तरी बर्फ खाली पडला असता. बर्फ काचेला टेकून, चौकटीच्या कडेवर, वाटीतल्या दह्यासारखा सबंध बसलेला. कुठं भेग नाही. काचेच्या आत आजोबा अर्ध्या बाह्यांच्या बंडीत पलंगावर बसून चहा पीत होते. शाल खुंटीवर. मावशी त्यांच्याशेजारी, आणि तिनं मला बघून फक्त भुवई वर केली.

मी आत गेले. आजोबा तिकिटाबद्दल काहीच बोलत नव्हते, त्यांची तक्रार वेगळीच होती. "चहात आलं नाही, साखर नाही, कायचा चहा? अन् केदार, होळीले पुरण कोण करते इथं? आतापासून विचारून ठेव." केदारकाका लॅपटॉप मिटवून म्हणाले, "विचारतो, बाबा," आणि नाक पुसत स्वयंपाकघरात गेले.

मी फावडं घेऊन ड्राइव्हवेवर उभी राहिले. पहिलं फावडं टाकलं न टाकलं तोच काचेवर टकटक. आजोबा खिडकीशी. तीन काचांच्या मागून एक अक्षर ऐकू येत नव्हतं, पण तोंड आणि हात दिसत होते, म्हणून आवाज मीच भरला: "अशी नाही वो पोट्टे! वाकून! कंबर मोडून घेशील! डावीकडून घे, डावीकडून!" त्यांना कळलं की मला ऐकू येत नाहीये. त्यांचा हात हँडलवर गेला.

"उघडा, आजोबा!" हरलेली पैज अजून जिंकता येईल म्हणून मी बर्फातून ओरडले. "उघडा ना! काय म्हणताय? ऐकूच येत नाही!"

हात हँडलवर थांबला. आजोबांनी बर्फाकडे पाहिलं, मग मागे वळून त्या पाटाकडे, मग माझ्याकडे, आणि मला वेड्यात काढणारा हात हलवला. काचेमागचे ते ओठ वाचायला नक्कल येण्याची गरज नव्हती: गरमी बाहेर जाईल ना! मग ते खिडकीपासून निघाले, पायात केदारकाकांचे बूट घातले, समोरच्या दारातून बाहेर आले आणि माझ्या हातातून फावडं घेऊन मला ते कसं धरायचं ते दाखवलं. दाखवून झाल्यावर त्यांनी ते परत माझ्या हातात दिलं. ड्राइव्हवे मोठा होता, आणि सगळाच्या सगळा माझा होता.